पंपघराजवळचा झोका

सुकलेला डिंक सुटताना टक् असा आवाज होतो. फार बारीक, नख मोडल्यासारखा. सभागृहात माणसं कुजबुजत होती, पंखे घरघरत होते, मागे कुणी तरी खुर्ची ओढत होतं, तरी तो मला ऐकू आला. अध्यक्षकाकांनी टेबलावरच्या पुठ्ठ्याच्या बागेतला मधला झोका दोन बोटांच्या चिमटीत धरून उपटला, जरा इकडेतिकडे बघितलं आणि कोपऱ्यात, पंपघराला लागून ठेवून दिला. "इथे बरं," ते म्हणाले, "त्या मुलांनाही जरा निवांतपणा मिळेल. मधे कसं, दंगा असतो, चेंडू येतात. उगाच लागलं-बिगलं तर कुणाला?" दोनतीन माना हलल्या. पुढच्या रांगेतली एक बाई म्हणाली, "आणि आपल्या मुलांनासुद्धा कसं, सारखं समोर बघवत नाही हो." वाईट नव्हती बाई. तिनं आल्या आल्या माझ्यासाठी स्वतःची खुर्ची रिकामी केली होती. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण त्यांच्या नगरातल्या रिकाम्या प्लॉटवर होणाऱ्या बागेचा आराखडा माझा होता. मी म्हणाले, "माझी हरकत नाही."

म्हणजे माझ्या तोंडातून तसं आलं. दाढ काढल्यावर तासभर गाल बधिर असतो, जीभ आतून लागते तेव्हा दुसऱ्याच कुणाच्या गालाला लागल्यासारखी वाटते, आणि चहा ओघळला तरी समोरचा सांगेपर्यंत कळत नाही. तसं ते वाक्य ओघळलं. कुणी सांगितलं असतं तर मी पुसलं असतं. पण सगळे खूश झाले होते. आमच्या ऑफिसचे सर हात चोळत म्हणाले, चला, सगळं एकमतानं झालं, उद्या सकाळीच आखणी करून घेऊ. आखणी म्हणजे चुन्याची फक्की टाकून कागदावरची बाग जमिनीवर उतरवायची. फक्की पडली की तिच्यावर खड्डे पडतात, खड्ड्यांत काँक्रीट पडतं, आणि मग ती गोष्ट तिथेच राहते, आपण गेल्यावरही. परत येताना पुठ्ठ्याची बाग माझ्या मांडीवर होती. सुटा झोका प्रत्येक वळणावर इकडून तिकडे घरंगळत होता, आणि तो होता तिथे वाळलेल्या डिंकाचा एक पिवळट गोल दिसत होता, त्यात अंगठ्याचा ठसा. छोटा. माझ्या मुलीचा.

आम्ही तिला ठिपकी म्हणतो. सोनोग्राफीच्या पडद्यावर ती नुसती ठिपक्याएवढी होती, आणि नंतरही बरेच दिवस, काचेच्या पेटीत, तेवढीच राहिली. आता साडेचार वर्षांची आहे, बोलण्यात तिच्यापुढे कुणी टिकत नाही, आणि चाकांच्या खुर्चीत बसते. तो झोका आम्ही दोघींनी मिळून केला होता, जेवणाच्या टेबलावर, रविवारी, मी भाजी गॅसवर विसरले होते तेव्हा. काड्यापेटीची रिकामी डबी आडवी कापून तिचा पाट केला, त्याला चढायला पुठ्ठ्याचा उतार, चार कोपऱ्यांना दोरा. खुर्चीसकट चढता येईल असा झोका. ठिपकीनं डिंकावर अंगठा दाबून धरला आणि मी सांगेपर्यंत सोडला नाही. मग माणसं. मॉडेलवर ठेवायची माणसं दुकानात पाकिटात मिळतात, बोटाच्या पेराएवढी, पांढरी. सगळी उभी किंवा चालणारी. एक बाई पर्स घेऊन चाललेली, एक बुवा हात मागे बांधून, एकजण धावणारा. बसलेलं कुणी नाही. मी पर्सवाली घेतली, नेलकटरनं गुडघ्याखाली कापली आणि पुठ्ठ्याच्या खुर्चीला चिकटवली. नखं काढावीत तसं झालं. ठिपकी वाकून बघत होती. "हिचे पाय?" "तिला खुर्ची आहे ना." "हो, पण पाय कुठे गेले?" मी टेबलावर शोधून दाखवले, दोन तुकडे, भाताच्या शितांएवढे. ते तिनं तळहातावर घेतले, थोडा वेळ विचार केला आणि म्हणाली, "ठेवून देऊया. लागले तर?" आणि काड्यापेटीची दुसरी डबी मागून घेतली. तेव्हापासून ती डबी तिच्या फ्रॉकच्या खिशात असते. धुवायला टाकताना आठवणीनं काढावी लागते.

घरी पोचले तेव्हा सासूबाई तिच्या पायांचा व्यायाम घेत होत्या. गुडघा दुमडायचा, सरळ करायचा. फिजिओथेरपीवाल्या ताईंनी शिकवलाय. सासूबाई आकडे मोजत नाहीत, भाज्यांची नावं घेतात. भोपळा खाली, भोपळा वर. कोबी खाली, कोबी वर. "झाली का तुझी बाग पास?" "झाली, आई." "सगळी?" "झोका जरा हलवला." "जरा म्हणजे?" "पंपघराजवळ." सासूबाईंचा हात कोबीवर थांबला. "पंप म्हणजे तो घर्रर्र करणारा? त्या आवाजात पोरं झोके घेणार?" मी बूट काढत म्हणाले, "ती बाग आपल्यासाठी नाहीये. त्या नगरासाठी आहे." "मग त्या नगरातली पोरं बहिरी आहेत का?" ठिपकीला हे फार आवडलं, ती खदखदून हसली, आणि तिचे पाय आजीच्या हातात नुसते हलले. "तू काय म्हणालीस मग?" सासूबाईंनी विचारलं. मी म्हणाले ते मी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "बरं," म्हणाल्या. "आमटीत मीठ कमी पडलं तर घर डोक्यावर घेतेस, आणि तिथे हरकत नाही. चल गं ठिपके, वांगं खाली." संध्याकाळी नवरा आला, त्यानं हातपाय धुतले, टेबलावरचा सुटा झोका उचलून बघितला आणि ड्रॉवरमधून डिंकाची ट्यूब काढली. तो असाच आहे. तुटलेलं काही दिसलं की आधी चिकटवतो, मग विचारतो. टोपण दातात धरून म्हणाला, "कुठे लावू?" मी मटार सोलत होते. "राहू दे." "अगं, हरवेल. कुठे लावू सांग ना." "राहू दे म्हटलं ना." त्यानं ट्यूबचं टोपण लावलं आणि झोका साखरेच्या डब्यावर ठेवून दिला.

राग आला असता तर बरं झालं असतं, असं मटार सोलताना वाटत होतं. रागाला धरून काही तरी करता येतं. पण आत चाचपडलं की कापूस लागायचा. हे कधीपासून, तेही मला नीट माहीत आहे. डॉक्टरांच्या खोलीला खिडकी होती, आणि खिडकीबाहेर दवाखान्याची हिरवळ. माळी पाणी घालत होता. पाईपला मधेच भोक पडलेलं होतं आणि सगळं पाणी तिथूनच उडत होतं, त्याच्या पायजम्यावर, आणि पाईपच्या तोंडातून नुसती बारीक धार गळत होती. डॉक्टर फार सावकाश, एकेक शब्द जपून बोलत होते. ठिपकीच्या मेंदूतल्या एका भागाचं चित्र त्यांनी कागदावर काढलं. मला सारखं वाटत होतं, त्या भोकाला कुणी तरी चिंधी का गुंडाळत नाही. एवढंच तर करायचंय. "तुम्हाला काही विचारायचंय?" डॉक्टरांनी विचारलं. नवऱ्यानं बरंच काही विचारलं. मी नाही म्हणाले. बाहेर येताना मी माळ्याच्या जवळून गेले, अगदी जवळून, आणि त्यालाही काही सांगितलं नाही.

ऑफिसात कुणाला माहीत नाही. लपवलं असं नाही, राहून गेलं. माझ्या फोनवर तिचा फोटो आहे, सोफ्यावर बसलेली, गालावर आंब्याचा रस. बघणारा म्हणतो, गोड आहे हो, आता नुसती पळत असेल घरभर? मी म्हणते, पुरे पुरे करून सोडते. ते काही खोटं नाही. पहिल्यांदा असं म्हटलं तेव्हा वाटलं होतं, पुढच्या वेळी सांगू. पण पुढच्या वेळी सांगायचं तर मागच्या वेळी का नाही सांगितलं, तेही सांगावं लागतं, आणि वेळा साठत जातात. सर्वांसाठी बाग, असं काम आमच्या ऑफिसला मिळालं तेव्हा मी ते हात वर करून मागून घेतलं. सगळ्यांना कौतुक. तुम्हाला हे बारीकसारीक सुचतं कुठून हो? मी सांगायचे, वाचलं कुठे तरी. वाळूची पेटी जमिनीवर नको, टेबलाएवढ्या उंचीवर हवी आणि तिच्याखाली गुडघे जायला जागा हवी, हे मला आमच्या जेवणाच्या टेबलानं शिकवलं, ज्याची आडवी पट्टी नवऱ्यानं एका सकाळी करवतीनं कापून टाकली. बाकाच्या शेजारी एका बाकाएवढी जागा मोकळी सोडायची, म्हणजे खुर्चीतल्या माणसाला वाटेत नाही, शेजारी बसता येतं. वाट खडीची नको. खडीत पुढची लहान चाकं रुततात. मागून ढकलणाऱ्या बाईला वाटतं आपणच कमी पडतोय, ती आणखी जोर लावते, आणि मूल पुढे कलंडतं.

कारण आम्ही एकदा गेलो होतो. आमच्याच भागातल्या बागेत, ठिपकी तीन वर्षांची असताना. खडीतून मी खुर्ची उलटी वळवून ओढत नेली. घसरगुंडीजवळ तिच्याएवढी एक मुलगी आली आणि म्हणाली, उतर ना खाली. ठिपकी म्हणाली, मला नाही उतरता येत. ती म्हणाली, बरं. एवढंच. 'बरं' म्हणून ती तिथेच बसली आणि दोघींनी खुर्चीच्या चाकाला दुकान ठरवलं. एक एक खडा चाकाच्या तारांमधून आत जायचा आणि सुटे पैसे म्हणून बाहेर यायचा. मी बाकावर बसले होते. मला आठवतं, मी चप्पल काढून पाय वर घेतले होते, जसं घरी बसतात. मग त्या मुलीची आई आली, माझ्याकडे बघून फार गोड हसली आणि मुलीचा हात धरून म्हणाली, तिला त्रास नको देऊस सोना, चल, आपण तिकडे खेळू. मुलगी मागे बघत गेली. मी तेव्हाही बहुतेक हरकत नाही असंच म्हणाले असेन. ठिपकीनं उरलेले खडे मांडीवर घेतले आणि घरी येईपर्यंत दुकान बंद आहे, दुकान बंद आहे, असं म्हणत राहिली. त्यानंतर आम्ही बागेत जात नाही. मॉलमध्ये जातो. तिथे फरशी गुळगुळीत असते, लिफ्ट असते, आणि कुणी कुणाशी खेळत नाही.

सकाळी सगळं एकदमच आलं. सासूबाईंची डोळ्यांची तपासणी, नवऱ्याची पहिली पाळी, आणि पाळणाघराच्या ताईंचा फोन, मला ताप आहे, आज नको. "घेऊन जा तिला," सासूबाई चष्मा पुसत म्हणाल्या, "तिची बाग आहे." "आई, तिची नाही ती." "बरं बाई, नाही. टोपी घाल फक्त." ऑफिसची गाडी आली तेव्हा मी खुर्ची घडी करून मागे ठेवली आणि तिला पुढच्या सीटवर बांधलं. वाटेत मनाशी ठरवलं, की गाडी प्लॉटच्या कडेला झाडाखाली उभी करायची, काच अर्धी खाली घ्यायची, ड्रायव्हर आहेच; अर्ध्या तासाचं काम. तिला म्हणाले, तू इथून बघ हं, इथून सगळं दिसतं. ती म्हणाली, आणि आवाज? मी म्हणाले, आवाज पण येतो.

प्लॉटवर अध्यक्षकाका छत्री घेऊन आधीच आले होते. त्यांना हे काम मनापासून आवडायचं. बँकेतून निवृत्त झाल्यापासून असं काही समोर आलं नसावं. मुकादम फक्कीचं घमेलं काखेत धरून माझ्या नकाशाबरोबर चालत होता आणि जमिनीवर पांढऱ्या रेघा पडत होत्या. ही वाट. ही बाकं. हे वाळूचं टेबल. रेघा बघताना मला नेहमी बरं वाटतं, कुणी झोपलेल्या माणसावर पांघरूण घालावं तसं. त्या दिवशी नुसत्या रेघा दिसत होत्या. पंपघरापाशी आलो. पंप चालूच होता. काका ओरडून म्हणाले, "दुपारी बंद असतो हो! दोन ते चार!" दोन ते चार उन्हात कोण झोके घेणार, असं माझ्या मनात आलं, आणि सासूबाईंच्या आवाजात आलं. मुकादमानं विचारलं, "बाई, झोक्याचा गोल इथे ना?" मी मान हलवण्याच्या बेतात होते, तेवढ्यात हॉर्न वाजला.

एकदा नाही. लांबलचक, मग तोडून तोडून, मग परत लांबलचक. ड्रायव्हर झाडामागे विडी ओढायला गेला होता आणि ठिपकीनं बाजूला वाकून, अख्ख्या हातानं हॉर्न दाबून धरला होता. सगळे वळले. मी पळत गेले. "काय गं हे!" "किती वेळ हाका मारतेय," ती म्हणाली, "तुला ऐकूच येत नाही. घर्रर्र आहे तिथे." डोळ्यांत पाणी-बिणी काही नव्हतं, फक्त भयंकर चिडली होती. मी गाडीचं मागचं दार उघडलं. खुर्ची काढली, उलगडली, खटका बसवला, आणि या सगळ्या वेळात माझ्या पाठीवर त्या लोकांची नजर आहे हे मला कळत होतं, पण ऊन लागल्यासारखं, दुरून. मग तिला उचलून बसवलं, पाय पट्टीवर एकेक करून ठेवले आणि ढेकळांतून उलटी ओढत आणली.

"अरे अरे," अध्यक्षकाका छत्री घेऊन धावत आले, ती तिच्या डोक्यावर धरली. "काय लागलं बाळाच्या पायाला? पडलीस का गं?"

काल पडली. जिन्यावरून. आठवड्यात होईल बरी. हे सगळं तयार होतं माझ्या तोंडात, बधिर गालाच्या आत, आणि नुसतं तोंड उघडलं असतं तरी बाहेर आलं असतं. ठिपकी काकांकडे बघत होती. तिनं खिशातून डबी काढून कानापाशी वाजवली. काका वाकले. "काय आहे डबीत? गोळ्या?" "पाय," ती म्हणाली. "पाय? कुणाचे?" "तुमच्या बागेतल्या बाईचे. आईनं कापले." मुकादम मोठ्यानं हसला, आणि मग त्याचं हसू अर्ध्यावर राहिलं.

"तिला लागलेलं नाही, काका," मी म्हणाले. "ती चालत नाही. पुढेही चालणार नाही. माझी मुलगी आहे." उघड्यावर, परक्या माणसांपुढे, ही वाक्यं मी पहिल्यांदा म्हणत होते. ती फार साधी निघाली. पंप चालू असल्यामुळे जरा ओरडूनच म्हणावी लागली.

काकांची छत्री खाली आली. चेहरा एकदम म्हातारा झाला. "अहो, मग आधी सांगायचंत ना," ते म्हणाले, "मला काय माहीत! घरचंच माणूस आहे म्हटल्यावर… घेऊ की मधे. तुमच्या लेकीसाठी एवढं नाही करायचं?" त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते. ते माझ्याकडे बघत थांबले होते, आणि मला माहीत होतं कशासाठी. मी आभार मानले की झालं, झोका मधे येणार होता. खुर्चीच्या मुठी माझ्या हातात होत्या. रबराला घाम सुटला होता.

"आम्ही इथे राहत नाही," मी म्हणाले. "आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला. तिला या झोक्यावर रोज नाही आणता येणार."

"मग?"

"माझी लेक नसती तर पंपघराजवळच ठेवला असता ना?"

ते बुटांकडे बघत राहिले. मग जरा ताठ झाले. "बाई, मला चार लोकांचं ऐकावं लागतं. आणि तुम्ही स्वतःच काल सगळ्यांसमोर म्हणालात…"

"हो. काल नव्हती हरकत. आज आहे. त्यांना सांगा."

"असं कसं? परत सभा बोलवावी लागेल."

"बोलवा. मी येईन. हिला घेऊन येईन. इथली ज्यांची अशी मुलं आहेत त्यांनाही बोलवा, ते काल का आले नव्हते हे त्यांनाच विचारू."

"दोन जिने आहेत सभागृहाला," काका पुटपुटले, आणि पुटपुटून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांना ऐकू आलं असावं. पंप घरघरत होता. ठिपकीनं दोन्ही कानांवर हात ठेवले.

"तुमचं बोलणं होऊ दे सावकाश," मुकादम म्हणाला, "ऊन चढतंय. मला गोल कुठे टाकू तेवढं सांगा." अध्यक्षकाकांनी छत्रीचं टोक हवेत फिरवलं, पंपघराकडे नाही, प्लॉटच्या मधल्या भागाकडे. "टाक तिकडे. फक्कीच आहे. पुसता येते." मग माझ्याकडे न बघता, "सभेचं मात्र बघावं लागेल हं बाई. मी शब्द देत नाही." "नका देऊ," मी म्हणाले.

गोल आखायला मधोमध खुंटी ठोकतात, तिला दोरी बांधतात आणि दोरी ताणून धरत माणूस फक्की टाकत भोवती फिरतो. मधली जमीन दगडासारखी होती, खुंटी शिरेना. मुकादम हातोडा आणायला निघाला. "मी धरते," ठिपकी म्हणाली. "काय धरतेस?" "दोरी. मी काही हलत नाही." मुकादमानं माझ्याकडे बघितलं. मी खुर्ची मधोमध नेली, चाकांचे ब्रेक लावले. त्यानं दोरीचं टोक तिच्या हातात दिलं, आणि मी मागून वाकून तिच्या मुठीवर माझी मूठ धरली. तो मागे मागे गेला, दोरी जमिनीवरून उचलली गेली, ताणली गेली, आणि फिरायला लागली. तो जाईल तिकडे ठिपकी मान वळवत होती, मग मानेनं पुरेना म्हणून हातच त्याच्यामागे फिरवत होती, हसत होती, त्यामुळे दोरी कधी लांब व्हायची कधी आखूड, आणि आमच्याभोवती पांढरी रेघ येत होती ती गोल नव्हती, कुठे पोट सुटलेली, कुठे आत दबलेली. "बाई, हे काही वर्तुळ नाही," मुकादम धुरळ्यातून ओरडला. "राहू दे," मी म्हणाले. दोरी ओढली जात होती. तिच्या मुठीतून माझ्या मुठीत, मनगटात, कोपरापर्यंत, कुणी तरी दुसऱ्या टोकाला आहे हे कळत होतं.

"आई," ठिपकी म्हणाली, "दुखतंय गं. केवढं घट्ट धरलंयस."

मी मूठ सैल केली. थोडीशीच. रेघ अजून जुळायची होती.